गावच्या घरी आई-बाबांसाठी वायफाय घेताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की दापोली तालुक्यात वाडीवर आई-बाबा दोघंच राहतात, बाबा ७६ चे आणि आई ७१ ची, मोबाईलच्या डेटावर व्हिडिओ कॉल सारखा अडकतो, बाबा म्हणतात आम्हाला काय करायचंय एवढं नेट, आणि तुम्ही ठाण्याहून विचारताय की १०० एमबीपीएस स्पीडचा प्लॅन घेऊ की २०० चा, की सरळ एअरफायबर, म्हणजे वायरशिवाय टॉवरवरून येणारं नेट, लावू. मी याच पट्ट्यात आधी केबलचं आणि आता बरीच वर्षं फायबरचं, म्हणजे काचेच्या तारेवरून येणाऱ्या नेटचं, काम करतो, पोलवर चढून लाईन ओढण्यापासून ते आजीला यूट्यूबवर कीर्तन लावून देण्यापर्यंत सगळं. आणि आमच्याकडची बरीच घरं तुमच्यासारखीच आहेत, मुलं मुंबई-पुण्याला आणि घरात सत्तरीची दोन माणसं, नाहीतर एकटी आजी. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या, म्हणजे मुंबईला जायची रीत किती जुनी आहे ते बघा.

सरळ सांगायचं तर ३०-४० एमबीपीएसचा सगळ्यात छोटा प्लॅन घ्या, महिन्याला चारशेच्या आसपास आणि वर १८ टक्के जीएसटी, बास. मोठ्या प्लॅनचे जे पैसे वाचतील ते राउटरच्या बॅटरीवर आणि घरातल्या घरात वायर फिरवण्यावर खर्च करा. म्हाताऱ्या माणसांचं नेट स्पीड कमी पडलं म्हणून बंद पडलंय असं मला फार क्वचित दिसतं. ते बंद पडतं लाईट गेल्यावर, ते बसतात त्या खोलीत सिग्नल पोचत नाही म्हणून, आणि बिघडल्यावर कुणाला सांगायचं ते त्यांना माहीत नसतं म्हणून.

आधी स्पीडचं बघू म्हणजे तो विषय संपेल. आपल्या सरकारने २०२३ साली ब्रॉडबँड म्हणायला कमीत कमी २ एमबीपीएस पाहिजे असं ठरवलं, त्याआधी ५१२ केबीपीएसलाच, म्हणजे जेमतेम अर्ध्या एमबीपीएसला, ब्रॉडबँड म्हणायचे. चांगल्या व्हिडिओ कॉलला दोन-तीन एमबीपीएस पुरतात, टीव्हीवर एचडी पिक्चर बघायला पाच, आणि फोर के बघायचं असेल तर पंधराच्या आसपास. आई यूट्यूबवर रेसिपी बघतेय, बाबा टीव्हीवर बातम्या आणि मधेच तुमचा कॉल आला, असं सगळं एकदम धरलं तरी २० च्या आतच. मग मोबाईलवर का अडकतं? कारण तुम्हाला त्यांचा चेहरा दिसतो तो त्यांच्या अपलोडवर, म्हणजे त्यांच्या फोनमधून बाहेर जाणाऱ्या डेटावर, आणि डोंगराच्या आडच्या वाडीत मोबाईलचं डाउनलोड कसंबसं येतं आणि अपलोड तर त्याहून रडतं. त्यात एकाच टॉवरवर पाच-सहा वाड्या, आणि गणपतीला, शिमग्याला, मे महिन्यात चाकरमानी आले की तोच टॉवर गच्च भरतो, म्हणजे घरात सगळ्यात जास्त माणसं असतात तेव्हाच नेट सगळ्यात वाईट. स्पीड टेस्टला सकाळी २५ दाखवतं आणि संध्याकाळी साडेसातला, जेव्हा तुम्ही ऑफिसहून येऊन कॉल करता, तेव्हा १ सुद्धा येत नाही. फायबरचा फायदा हाच की ते आकड्याला कमी असलं तरी दिवसभर एकसारखं चालतं. ज्याला कमी ऐकू येतं त्याला तुटक आवाज म्हणजे काहीच ऐकू न येणं, आपण मधला शब्द अंदाजाने भरून घेतो, त्यांना ते जमत नाही, आणि मग "काय म्हणालास, काय म्हणालास" करून दोन मिनिटात फोन आईच्या हातात देतात. बरीच मुलं म्हणतात बाबा हल्ली बोलतच नाहीत. लाईन चांगली झाल्यावर तेच बाबा अर्धा तास बोलताना मी बघितलेत.

एअरफायबर वाईट नाही, पण ते तुमच्या वाडीत फाईव्ह जी चांगलं येत असेल तरच. छपरावर एक डबा लावतात तो टॉवरकडून सिग्नल घेतो, म्हणजे शेवटी तो मोबाईल टॉवरच. शहरात, तालुक्याच्या गावात छान चालतं. आमच्याकडे घर म्हणजे माड-पोफळीत बुडालेलं, आणि पावसात भिजलेली झाडी सिग्नल खाते, त्यामुळे एप्रिलमध्ये डेमो घेऊन खूश होऊ नका, जुलैत काय होतं ते शेजारच्या वाडीत कुणाकडे असेल तर विचारा. वायर येत असेल तर वायरच घ्या.

वायर येते का ते कसं कळणार? कंपनीच्या साईटवर पिनकोड टाकून वाडीचं काही कळत नाही, पिनकोडमध्ये दहा गावं असतात. केंद्राची भारतनेट योजना, जी २०११ साली दुसऱ्या नावाने सुरू झाली, ती फायबर ग्रामपंचायतीपर्यंत आणते, आणि ग्रामपंचायत ते तुमचं घर हे अंतर शेवटी कोणीतरी लोकल माणूसच जोडतो. म्हणून ग्रामपंचायतीत, शाळेत, नाहीतर बाजारात मोबाईल रिचार्जच्या दुकानात विचारा की या वाडीत कोणाची लाईन आहे आणि तुटली तर कोण येतो. दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा महत्त्वाचा. मोठी कंपनी असो की छोटी, जी लाईन जोडायला माणूस २०-२५ किलोमीटरच्या आत राहतो ती घ्या. कस्टमर केअरला फोन लावून एक दाबा दोन दाबा करणं तुमच्या आईला जमणार नाही आणि जमावं अशी अपेक्षाही ठेवू नका, तिला एका माणसाचा नंबर पाहिजे जो फोन उचलतो. वाडीतल्या चार घरांनी मिळून मागणी केली तर आम्हालाही लाईन ओढणं परवडतं, एका घरासाठी दीड किलोमीटर केबल आणि पोल कोणालाच झेपत नाहीत, त्यामुळे गणपतीत सगळे भेटाल तेव्हा हे बोलून घ्या.

आता घराच्या आतलं. यावर मी जरा लांबण लावणार आहे कारण निम्मी तक्रार इथेच असते. कोकणातल्या जुन्या घराच्या भिंती जांभ्या दगडाच्या, चिऱ्याच्या, फूट-दीड फूट जाडीच्या. वायफाय अशा एका भिंतीतून कसंबसं जातं, दोन भिंतीत संपतं. राउटरमध्ये दोन बँड असतात, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ, पाचवाला वेगवान पण भिंतीला हरतो, २.४ हळू पण लांब जातो. आणि राउटर बसवतात कुठे? जिथे वायर घरात शिरते तिथे, म्हणजे ओटीवर, किंवा पडवीत मीटरच्या शेजारी, कारण बसवणाऱ्याला पुढच्या घरी जायचं असतं. म्हातारी माणसं बसतात माजघरात नाहीतर मागच्या पडवीत चुलीजवळ.

एका आजींकडे गेलो होतो, वय ऐंशीच्या पुढे, एकट्या. मुलाने पुण्याहून २०० एमबीपीएसचा प्लॅन घेऊन दिलेला आणि तरी नेट नाही अशी तक्रार, दोनदा माणूस येऊन "इथे तर फुल येतंय" सांगून गेलेला. तो ओटीवर उभा राहून बघत होता. आजी फोन कुठे बघतात ते त्यांना विचारलं तर आत नेलं, माजघराच्या कोपऱ्यात खिडकीखाली त्यांची बाजली, गुडघे दुखतात म्हणून दिवसाचा बहुतेक वेळ तिथेच, आणि मधे दीड फुटी भिंतीच्या दोन ओळी आणि एक लोखंडी कपाट. फोनवर वायफायची एकच काडी, ती पण येऊन-जाऊन. आम्ही वाशाच्या कडेने पंधरा-वीस मीटर लॅन केबल ओढून माजघरात दाराच्या वर एक साधा दुसरा राउटर लावला, ॲक्सेस पॉइंट मोडवर, म्हणजे पहिल्याचंच नेट तिथे वायफायवर देणारा, नाव आणि पासवर्ड पहिल्याचाच, म्हणजे फोन आपला आपण जवळचा पकडतो आणि आजींना काही निवडावं लागत नाही. त्याच दुपारी नातवाशी बोलल्या, आणि त्याला आधी आपली बाजली दाखवली. प्लॅन नंतर मुलाला सांगून छोटा करून टाकला, कारण त्या जास्तीच्या पैशाचा त्यांना काडीचा उपयोग नव्हता.

तेव्हा कनेक्शन लावायला माणूस येईल त्या दिवशी शक्यतो तुम्ही स्वतः गावी रहा, आणि त्याला सांगा की आई-बाबा इथे बसतात आणि इथे झोपतात, या दोन जागी कॉल लावून दाखव मग पैसे. प्लगमध्ये खोचायचे रिपीटर येतात ते मी सहसा लावत नाही, ते कमजोर सिग्नल घेऊन कमजोरच पुढे देतात आणि कोणीतरी मिक्सर लावायला काढून ठेवतं. वायरच ओढा. दिसायला वाईट दिसेल म्हणून आई नको म्हणेल, तिला आधी विचारून कडेकडेने न्या, घर तिचं आहे. आणि एकदा ठेवलेलं वायफायचं नाव आणि पासवर्ड बदलू नका. सुट्टीत आलेली मुलं हौसेने नाव बदलतात आणि निघून जातात, मग टीव्ही वेगळा पडतो, फोन वेगळा पडतो आणि आजोबा समजतात आपल्या हातून बिघडलं. पुढचे दोन महिने कशाला हात लावत नाहीत.

लाईट. हे लोकांना खरंच माहीत नसतं म्हणून नीट सांगतो. जुना तांब्याच्या तारेवरचा लँडलाईन घरची लाईट गेली तरी चालायचा, कारण त्याला करंट टेलिफोन एक्सचेंजमधून तारेवरूनच यायचा. फायबर म्हणजे काच, त्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही. म्हणजे आता फायबरवर जो लँडलाईन देतात तो तुमच्या घरच्या लाईटवर चालतो, लाईट गेली की राउटर बंद, वायफाय बंद आणि तो फोनही बंद. जुन्या माणसांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं की लाईट गेली तरी फोन चालतो, आणि त्याच भरवशावर रात्री-अपरात्रीची सोय त्यांनी ठरवलेली असते. हे त्यांना तोंडाने सांगा, दाखवा, स्विच बंद करून फोन उचलायला लावा.

उपाय महाग नाही. राउटर दहा-बारा वॅट खातो फक्त. बाजारात मिनी यूपीएस मिळतो, बाराशे-पंधराशेपासून, तो साधारण तीन-चार तास काढतो. घेताना राउटरच्या अ‍ॅडॉप्टरवर बघा १२ व्होल्ट लिहिलंय का ९ आणि किती अँपिअर, त्याच मापाचा घ्या. घरात इन्व्हर्टर असेल तर वायरमनकडून राउटरचा पॉइंट इन्व्हर्टरच्या लाईनवर घ्या, दोन लाईट आणि पंख्याच्या जोडीला तो कळतही नाही. आणि मे अखेरची आणि ऑक्टोबरमधली वीज, म्हणजे आभाळातली. फायबर काचेचं असलं तरी अ‍ॅडॉप्टर एमएसईबीच्या लाईनवर असतो, गडगडायला लागलं की प्लग काढायचा ही सवय इथल्या माणसांना टीव्हीमुळे आहेच, फक्त राउटरचंही तसंच करायचं हे सांगा, आणि परत लावल्यावर दोन-तीन मिनिटं थांबायचं हेही सांगा, नाहीतर नेट आलं नाही म्हणून परत काढतात परत लावतात.

निसर्ग चक्रीवादळात, ३ जून २०२० ला, आमच्याकडे एकाच दिवसात लाईटचे पोल, टॉवर, केबल सगळं गेलं, काही वाड्यांत लाईट यायला कित्येक आठवडे लागले, आणि मुंबईत बसलेल्या मुलांना आई-वडील जिवंत आहेत का एवढंही कळत नव्हतं. तेव्हा कोणतंच कनेक्शन कामाला आलं नाही. म्हणून एकाच कनेक्शनवर विसंबू नका, फायबर आल्यावर मोबाईलचा रिचार्ज बंद करू नका, दोघांच्या फोनमध्ये दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं ठेवा. जुलै २०२४ मध्ये रिचार्ज महागल्यापासून बरेच जण आईचं सिम बंद करतात, "वायफाय आहे ना" म्हणून. तसं करू नका, बँकेचा ओटीपी त्याच सिमवर येतो.

सिमवरून आठवलं, वायफाय कॉलिंग. वाडीत रेंज नाही, कॉल घ्यायला आजोबा अंगणाच्या टोकाला दगडावर जाऊन उभे राहतात, पावसात शेवाळ, पाय घसरला की खुबा मोडला. फोनच्या सेटिंगमध्ये वायफाय कॉलिंग चालू केलं की रेंज नसली तरी साधा फोन, व्हॉट्सॲपचा नाही तर नेहमीच्या नंबरवरचा, वायफायवरून येतो आणि जातो. याला वेगळे पैसे पडत नाहीत, साधारण २०२० पासून ही सोय आपल्याकडे आहे, फक्त फोन ते करणारा हवा, बटणाच्या साध्या फोनला नाही जमत. मला विचाराल तर आमच्या भागात फायबर घेण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे, व्हिडिओ-बिडिओ नंतर. बिछान्यातून डॉक्टरला फोन लागतो. दोघांचेही फोन घेऊन पहिल्याच दिवशी ते चालू करा आणि आई-बाबांना आतल्या खोलीतून शेजाऱ्यांना फोन लावायला सांगा.

आता कनेक्शन कोणाच्या नावावर. मुलं हौसेने आपल्या नावावर आणि आपला नंबर देऊन घेतात. एकाचा मुलगा दुबईला, रजिस्टर नंबर त्याचा, लाईन तुटली की आमच्या माणसाचा फोन जातो दुबईला, तिकडे तो कामावर, उचलत नाही, तक्रार आपोआप बंद होते "ग्राहक उपलब्ध नाही" म्हणून, आणि इकडे आजोबा दारात बसून वाट बघतात. नाव आणि नंबर बाबांचा द्या, दुसरा नंबर तुमचा. पैसे तुम्ही ठाण्याहून ऑनलाईन भरा, सहा महिन्यांचे नाहीतर वर्षाचे एकदम, म्हणजे दर महिन्याला "बंद होईल" चे मेसेज त्यांना येत नाहीत. हे मेसेज फार त्रास देतात, त्या पिढीला बिल थकणं म्हणजे अब्रूचा प्रश्न वाटतो, आणि फसवणारे नेमका त्याचाच फायदा घेतात.

फसवणुकीबद्दल घाबरवणार नाही, पण चार गोष्टी पक्क्या सांगा. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही, पिन फक्त द्यायला लागतो. बँका हल्ली १६०० ने सुरू होणाऱ्या नंबरवरून फोन करतात, साध्या दहा आकडी नंबरवरून "बँकेतून बोलतोय" आला की ठेवून द्यायचा. पोलिस, सीबीआय, कस्टम कोणीही व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही, डिजिटल अरेस्ट असं कायद्यात काही नाही, हे २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये पंतप्रधानांनी रेडिओवरून सांगितलं होतं, ते बाबांना सांगा, त्यांच्यावर त्याचा परिणाम जास्त होईल. आणि कोणी फोनवरून ॲप टाकायला सांगितलं, स्क्रीन दिसू द्या म्हणालं, तर नाही. पैसे गेलेच तर लगेच, त्याच मिनिटाला १९३० ला फोन, उद्या नाही. नंबर मोठ्या अक्षरात भिंतीवर लावा. यूपीआय हवंच असेल तर वेगळं खातं उघडून त्यात दोन-चार हजार ठेवा आणि तेच जोडा, पेन्शनचं खातं जोडू नका.

आणि एक विनंती. एकदा फसले म्हणून नेट बंद करून टाकू नका. अशा घरात मी गेलोय, चाळीस हजार गेले तर मुलाने फोनच काढून घेतला, बटणाचा दिला, आणि ते गृहस्थ, बेस्टमधून रिटायर झालेले, रोज पेपर वाचणारे, चार महिने कोणाशी धड बोलले नाहीत. पैसे गेल्याची लाज होतीच, वर आपल्याला अक्कल नाही असं पोरांनी ठरवलं याची लाज. फसवणारे शिकलेल्या, नोकरीवाल्या तरुणांनाही फसवतात. शांतपणे तक्रार करा, मर्यादा लावा, फोन त्यांच्या हातात राहू द्या.

बाबा म्हणतात काय करायचंय, त्याचं. त्यांना इंटरनेट नको नसतं, कोणासमोर चूक व्हायला नको असते. "शिकवतो" म्हणून बसलात तर ते उठून जातील. त्यांच्या गरजेच्या एका गोष्टीपासून सुरू करा. गिरणीतून, गोदीतून, सरकारी नोकरीतून रिटायर झालेले बरेच आहेत आमच्याकडे, त्यांना दरवर्षी हयातीचा दाखला लागतो. जीवन प्रमाण, म्हणजे हाच दाखला ऑनलाईन द्यायची सरकारी सोय, २०१४ पासून आहे पण आधी बोटाचा ठसा लागायचा, आणि शेतात काम केलेल्या माणसाच्या बोटाला ठसाच उरत नाही, मशीन घेत नाही, मग तालुक्याला दोन-तीन फेऱ्या. २०२१ पासून चेहऱ्यावरून होतो, फोनच्या कॅमेऱ्यासमोर बसून. उजेड समोरून घ्या, दाराकडे पाठ नको, चष्मा काढा, पापण्या मिटायला सांगेल तेव्हा मिटायच्या, झालं. ज्या आजोबांचा पहिला दाखला असा घरबसल्या झाला ते स्वतः शेजाऱ्यांना बोलावून आणतात. नोव्हेंबरमध्ये यासाठी एक दिवस काढा, ऐंशीच्या वरच्या केंद्र सरकारच्या पेन्शनरांना तर १ ऑक्टोबरपासूनच देता येतो.

आईसाठी टीव्ही. खरंच सांगतो, फोन लहान पडतो, मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना तर फारच. टीव्हीला वायफाय जोडा, आणि रिमोटचं माईकचं बटण दाखवा, मराठीत बोलून शोधता येतं, "बाबामहाराज सातारकर हरिपाठ" म्हटलं की लागतं. टाईप करायला लावू नका. फोनवरही मराठी कीबोर्डचा माईक वापरायला शिकवा, त्या पिढीला बोलणं येतं, उत्तम येतं.

फोनमध्ये अक्षरं मोठी करा हे सगळेच सांगतात, त्यापेक्षा एक बारीक गोष्ट सांगतो. वय झालं की बोटं कोरडी पडतात, स्क्रीन स्पर्श घेत नाही, म्हणून ते जोरात आणि जास्त वेळ दाबतात. फोन समजतो लाँग प्रेस. मग आयकॉन हलतात, व्हॉट्सॲप स्क्रीनवरून गायब होतं, आणि "माझ्या फोनमधलं सगळं गेलं" असा फोन येतो. सेटिंगमध्ये होम स्क्रीन लॉक करायचा पर्याय बहुतेक फोनमध्ये असतो तो लावा, आणि ॲक्सेसिबिलिटीमध्ये टच आणि होल्डचा वेळ वाढवा. पहिल्या पानावर चारच आयकॉन, फोन, व्हॉट्सॲप, कॅमेरा, यूट्यूब. आणि एका वहीत त्यांच्याच हाताने पायऱ्या लिहायला लावा, तुम्ही लिहून दिलेलं ते वाचत नाहीत, स्वतः लिहिलेलं वाचतात. नातवंडांना शिकवायला बसवू नका, ती इतकी भरभर करतात की बघणाऱ्याला काही कळत नाही, शेजारची एखादी त्यांच्याच वयाची बाई जी वापरते ती सगळ्यात चांगली शिकवते.

शेवटी देखभालीचं, हे आमच्या बाजूचं. राउटरवर किंवा फायबरच्या डबीवर एलओएस नावाचा लाईट असतो, तो लाल झाला म्हणजे बाहेर लाईन तुटली, आई-बाबांनी काही करायचं नाही, फक्त लोकल माणसाला "लाल लाईट लागलाय" सांगायचं, एवढं एक वाक्य त्यांना पाठ असलं तर आमचं निम्मं काम होतं. लाल नसेल आणि नेट नसेल तर प्लग काढून दोन मिनिटांनी लावायचा. पिवळी बारीक वायर राउटरच्या मागे असते ती वाकवायची नाही, झाडताना ओढायची नाही. बाहेरून घरात येणाऱ्या वायरवर कपडे वाळत घालतात, हे मी दर पावसाळ्यात बघतो, ओल्या गोधडीच्या वजनाने काच आत तडकते, वरून वायर धडधाकट दिसते. माकडं लोंबकळतात त्याला इलाज नाही, पण झावळ्यांना आहे, मे महिन्यात पाडेली माडावर चढेल तेव्हा लाईनीवर आलेल्या सुकलेल्या झावळ्या त्याच्याकडूनच काढून घ्या.

आणि कनेक्शन लावणारा माणूस निघायच्या आधी त्याला पॉवर मीटर, म्हणजे फायबरमधून येणारा प्रकाश मोजायचं यंत्र, लावून रीडिंग दाखवायला सांगा. आकडा उणे मध्ये येतो. उणे १५ ते उणे २४ डीबीएमच्या (हे त्या प्रकाशाच्या ताकदीचं माप) मध्ये असेल तर लाईन चांगली, उणे २७ च्या आसपास असेल तर आज चालेल पण पहिल्या मोठ्या पावसात जॉइंटमध्ये पाणी गेलं की बंद पडेल, तेव्हाच त्याच्याकडून जॉइंट परत करून घ्या. तो आकडा आणि तारीख मार्करने राउटरच्या खाली लिहून ठेवा, पुढच्या वेळी कोणीही आला तरी त्याला लगेच कळेल लाईन किती घसरलीय.